लांब पल्ल्याची सायकलवारी: वाटेत मदत मिळते, पण ती कामी यायला जवळ काय हवं?

संथगती
लांबच्या सायकल प्रवासाला पहिल्यांदा निघणारे हमखास विचारतात, आडरानात सायकल मोडली आणि कोणी आलंच नाही तर? खरं तर भरलेल्या पिशव्यांची सायकल रस्त्याकडेला उलटी पडलेली दिसली की कोणी ना कोणी थांबतंच. अडतं ते त्यानंतर. थांबणाऱ्याकडे मोठा पाना असतो, पक्कड, हातोडी, तार, दोरी असते, गाडीत जागा असते, ओळखीत एखादा वेल्डरही असतो. नसतो तो तुमच्या फ्रेमचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा), तुमच्या चाकाच्या लांबीचा आरा, तुमच्या चेनची क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी).

म्हणून माझा हिशोब असा: जे जड आहे आणि कोणाकडेही सापडेल ते घरी ठेवा. जे हलकं आहे पण फक्त सायकलवाल्याकडेच असतं ते सोबत घ्या.

कॅसेटचंच (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा) बघा. मागच्या चाकाचा उजवीकडचा आरा तुटला की कॅसेट काढावी लागते. त्यासाठी लॉकरिंगचा (कॅसेट जागेवर धरणारी रिंग) दातेरी सॉकेट लागतो, तो मुठीत मावतो. तो फिरवायला लागणारा मोठा पाना मात्र नळ दुरुस्त करणाऱ्यापासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत कोणाकडेही असतो. चेन व्हिपच्या (कॅसेट फिरू न देणारं हत्यार) जागी जुन्या चेनचा फूटभर तुकडा चालतो: मोठ्या दातेरी चकतीवर गुंडाळायचा आणि मोकळं टोक पकडीत धरायचं. एकाने चेन धरून कॅसेट थोपवायची, दुसऱ्याने सॉकेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. सॉकेट निसटू नये म्हणून पहिला झटका देईपर्यंत क्विक रिलीजचा (चाक फ्रेमला आवळणारा) दांडा सॉकेटमधून घालून हलका आवळून ठेवा. लॉकरिंग सुटल्याचा कडक आवाज आला की लगेच दांडा काढा, नाहीतर सॉकेटला बाहेर यायला वाव राहत नाही. परत बसवताना चेन धरायची गरज नसते.

तर धागा याच पद्धतीने पुढे न्यावा. काय बिघडतं, वाटेवरचा माणूस कुठवर उपयोगी पडतो आणि कुठे त्याला हात लावू द्यायचा नाही, असं लिहा. आठवणी दुसऱ्या धाग्यावर.

चाकवैद्य
आरे माझा विषय, तेव्हा जरा लांबण लागेल.

आरा बहुधा मागच्या चाकात आणि हबपाशी (चाकाच्या मध्यभागी) वळणावर तुटतो. खड्ड्यात आदळून तुटला असं वाटतं, पण खरं कारण जुनं असतं. ताण असमान किंवा सैल असेल तर दर फेऱ्यागणिक आरा सैल पडतो, पुन्हा ताणला जातो आणि धातू थकतो. त्यामुळे एक तुटला की बाकीच्यांवर संशय घ्या. निघण्याआधी आऱ्यांच्या जोड्या बोटांनी दाबून बघा. एका बाजूचे सगळे साधारण सारखे कडक लागले पाहिजेत.

तुटल्यावर क्रम असा. थांबा. तुटलेला तुकडा शेजारच्या आऱ्याला गुंडाळा किंवा टेपने बांधा, तो डिरेलरमध्ये गेला तर खर्च दसपट. चाक फिरवून आउट (चाकाचा वाकडेपणा) किती आलाय ते बघा. उजवीकडचा आरा तुटला असेल तर रिम डावीकडे ओढली जाते. अशा वेळी रिमवर त्याच्या दोन्ही बाजूंना लागून असलेले आरे (ते हबच्या डाव्या कडेचे, म्हणजे डाव्या फ्लँजचे असतात) अर्धा अर्धा फेरा सैल करा. दिशा विसरायला होते, म्हणून निपल (आरा रिमला धरणारा बारीक नट) टायरच्या बाजूने पेचकसाने फिरवतोय असं मनात धरा: उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल. रिम फ्रेमला घासेनाशी झाली की पुरे. तिथे उन्हात बसून शून्य आउट काढायचा हट्ट नको.

छत्तीस आऱ्यांचं चाक एक आरा नसताना हळू हळू मुक्कामापर्यंत जातं. बत्तीसचंही जातं, पण मागचं वजन पुढच्या पिशव्यांत हलवून. वीस-चोवीस आऱ्यांच्या चाकाची भरवशाने हमी देता येत नाही.

सुट्या आऱ्यांच्या लांब्या नीट मोजून घ्या. मागच्या चाकात डावा-उजवा आरा साधारण दोन मिलिमीटरने वेगळा असतो. पुढे डिस्क ब्रेक असेल तर तिथेही दोन लांब्या येऊ शकतात. प्रत्येक मापाचे दोन-तीन, निपलसकट, चेनस्टेला (चेनलगतची फ्रेमची नळी) टेपने चिकटवून ठेवा. आणि निपलची चावी आपलीच घ्या. मापं ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिमी अशी इतकी जवळ असतात की चुकीची चावी बसल्यासारखी वाटते आणि निपलचे कोपरे खाऊन टाकते. पकडीनेही तेच होतं. मदतनीसाच्या हातातली पक्कड निपलपर्यंत पोचू देऊ नका.

पहिला_गिअर
कॅसेट काढायचं जमलंच नाही तर? सॉकेट आहे पण पाना देणारा कोणी भेटलाच नाही, असं धरा.

चाकवैद्य
दोन वाटा. एक, दोरीचा आपत्कालीन आरा मिळतो. तो मऊ असल्यामुळे कॅसेट न काढता हबच्या छिद्रातून ओवता येतो. दोन, नेहमीपेक्षा सेंटिमीटरभर लांब आरा घ्या, डोकं कापा आणि टोकाला पकडीने इंग्रजी झेड अक्षरासारखी दुहेरी घडी घाला. ती घडी बाजूने छिद्रात अडकते. हा आरा पूर्ण ताण घेणार नाही, पण रिम जागेवर धरतो. घरी सराव करून बघा, पहिल्या प्रयत्नात घडी बहुतेक चुकीच्या कोनात येते.

निळी_पॅनिअर
टायर-ट्यूबचं मी लिहिते.

पंक्चर काढता न येणारा माणूस विरळा, पण पॅच सुटण्याचं कारण बहुतेकदा एकच असतं: सोल्यूशन ओलं असताना पॅच लावणं. जागा खरवडा, पातळ थर द्या, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत (पाचेक मिनिटं) थांबा आणि मग जोरात दाबा. एकदा फोडलेली सोल्यूशनची नळी काही आठवड्यांत सुकते, म्हणून न फोडलेल्या दोन छोट्या नळ्या घ्या. स्टिकरसारखे पॅच त्या दिवसापुरते.

टायर काढण्याआधी त्यावरचं नाव आणि व्हॉल्व्ह एका रेषेत आहेत ना ते बघा. बसवतानाच तशी सवय ठेवली तर ट्यूबच्या छिद्रावरून टायरमधला काटा लगेच सापडतो. छिद्र ट्यूबच्या आतल्या अंगाला असेल तर काटा शोधत बसू नका, रिम टेप सरकलीय. शेजारी शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती.

आता मदतीचा भाग. कोणी आपुलकीने २८ इंची टायर आणून देतो आणि तो बसत नाही, हे सर्रास होतं. कारण २८ इंच या नावाखाली दोन वेगळी मापं (रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास) फिरतात, ६२२ आणि ६३५ मिमी. २६ इंचातही ५५९ आणि ५९० आहेत. टायरच्या बाजूवर छोट्या अक्षरात ३७-६२२ असं काहीतरी छापलेलं असतं, तो दुसरा आकडा जुळला तरच टायर बसतो. एक मिलिमीटरही इकडे तिकडे चालत नाही. ट्यूबचं तसं नाही. ६३५ची ट्यूब ६२२ला खुशाल चालते, २६ची ताणून घातली तरी वेळ निभावते. उलट मोठी ट्यूब लहान चाकात घातली तर घडी पडते आणि तिथेच फाटते.

पाचवा_दात
कॉम्प्रेसरबद्दलही लिहा. गाड्यांच्या हवेच्या नळीने सायकलचा टायर डोळ्यांदेखत फुटतो, कारण आत जागाच किती? हवा भरून देणारा गाडीच्या सवयीने नळी धरून उभा राहतो. नळी आपल्या हाती मागून घ्या, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे झटके द्या, मध्ये अंगठ्याने दाबून बघा. टायरची कड दोन्हीकडून सारखी बसलीय ना ते अर्ध्या दाबावरच तपासा. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका, आणि रिम हुकलेस (टायर अडकायला कडेला आकडा नसलेली) असेल तर ५ बार दाब ही वेगळी मर्यादा आहे.

प्रेस्टा व्हॉल्व्ह (सायकलचा बारीक व्हॉल्व्ह) असेल तर पितळी ॲडॅप्टर दोन घ्या. एक व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा, हरवत नाही. प्रेस्टाच्या रिमला छिद्र साधारण साडेसहा मिमीचं असतं, श्रेडरला (गाड्यांसारखा जाड व्हॉल्व्ह) साडेआठचं. म्हणजे वाटेत मिळालेली श्रेडर ट्यूब प्रेस्टाच्या रिममध्ये शिरणारच नाही. सगळीकडे सहज निभावायचं तर श्रेडरच्या छिद्राची रिम घ्यावी. प्रेस्टा ट्यूब तिथे रबरी बुशसकट बसते.

उतारप्रेमी
टायरची बाजू फाटली तर? तिथे पॅच चालत नाही ना?

निळी_पॅनिअर
नाही. पॅच ट्यूबला, टायरला आतून आधार लागतो, नाहीतर ट्यूब फटीतून फुगून बाहेर येते. जुन्या टायरचा तुकडा कडा तासून ठेवलेला असेल तर उत्तम. नसेल तर टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा तुकडा किंवा घडी घातलेली नोटसुद्धा चालते. फाटीच्या सगळ्या बाजूंना तीन-चार सेंटिमीटर जास्त घ्या. प्लॅस्टिक बाटलीचा तुकडा वापरलात तर कडांना टेप लावा, त्या ट्यूब कापतात. हवा नेहमीपेक्षा कमी. आणि तो टायर पुढे घ्या, तिथे वजन कमी असतं.

चाकवैद्य
शेवटच्या वाक्याशी असहमत. मागचा टायर फुटला तर सायकल डुलते, पुढचा फुटला तर माणूस पडतो. उतार असेल तर बरा टायर पुढेच हवा. मागचं वजनच कमी करा.

निळी_पॅनिअर
उतारापुरतं मान्य. सपाटीवर, हळू जाताना मी माझ्या मतावर ठाम आहे. :)

लोखंडी_फ्रेम
वेल्डिंग. स्टीलची फ्रेम कुठेही जोडून मिळते हे अर्धसत्य आहे. सायकलच्या नळीची जाडी मधल्या भागात एक मिलिमीटरपेक्षाही कमी असू शकते. गेट आणि ट्रॉल्या जोडणारा माणूस नेहमीच्या करंटने काठी टेकवतो आणि चिरेच्या जागी भोक पडतं. त्याला आधीच सांगायच्या गोष्टी: करंट कमी करा, सगळ्यात बारीक इलेक्ट्रोड घ्या, सलग न ओढता टाके घाला आणि मध्ये थंड होऊ द्या. गॅसने पितळेचं जोडकाम करणारा भेटला तर तोच निवडा, पातळ नळीला ते जास्त मानवतं. ॲल्युमिनियमची फ्रेम किंवा कॅरिअर साध्या आर्क वेल्डिंगला देऊच नका.

वेल्डिंगआधी त्या भागातल्या केबल, आउटर, टायर आणि पिशव्या काढा. दिवे, कॉम्प्युटर, बॅटरी सुटी करा. अर्थिंगचा चिमटा जोडायच्या नळीवरच, चिरेच्या जवळ लावायला सांगा. तो चाकाला किंवा क्रँकला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. रंग खरवडून द्यायचं काम तुम्ही करा, त्याचा वेळ वाचतो आणि जोड पक्का होतो.

कॅरिअरची नळी मोडली असेल तर वेल्डरपर्यंत जायची गरज नसते. तंबूची खुंटी किंवा जाड सळईचा तुकडा खपच्चीसारखा लावून दोन जुबिली क्लिपांनी (पेचाने आवळायच्या गोल धातूच्या पट्ट्या) आवळा. क्लिपखाली जुन्या ट्यूबची पट्टी, म्हणजे सरकत नाही. जुबिली क्लिप हीच अशी वस्तू आहे जी कोणत्याही गॅरेजात मिळते, तरी दोन जवळ असाव्यात.

पाचवा_दात
कॅरिअरचे बोल्ट बहुतेक एम ५ (४ मिमीची ॲलन की), सीटपोस्ट-स्टेमकडचे एम ५ किंवा एम ६ (६ला ५ मिमीची की). हेच आटे मोटरसायकलला वापरतात, त्यामुळे बोल्ट हरवला तर सायकलचं दुकान शोधू नका, गॅरेज गाठा. बोल्ट तुटून तुकडा आत राहिला आणि मागून जरासा बाहेर डोकावत असेल तर पकडीने मागूनच पुढे पुढे फिरवत बाहेर काढा. निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा द्रव) लावला तर मुळात सैलच पडत नाहीत. लाल लावू नका, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही.

पेडलबद्दल: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मदतीला आलेल्या दणकट माणसाला हे पाना हातात देण्याआधी सांगा. सैल करतोय समजून तो पूर्ण ताकदीने आवळतो.

उतारप्रेमी
गॅरेजवाल्याला अजून काय काय करू द्यायचं नाही?

पाचवा_दात
सगळ्यात धोक्याचं म्हणजे हायड्रॉलिक ब्रेकमध्ये गाडीचं ब्रेक ऑइल घालणं. गाडीचं बहुधा डॉट प्रकारचं असतं. तुमचा ब्रेक मिनरल ऑइलचा असेल तर सील फुगून संपूर्ण ब्रेक जातो. उलटही तितकंच वाईट. लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय ते निघण्याआधीच बघून ठेवा. शंका असेल तर त्या ब्रेकशिवाय, दुसऱ्या ब्रेकच्या भरवशावर जा आणि उतारावर पायी चाला.

दुसरं, डिस्कच्या आसपास तेलाचा फवारा. तिसरं, हबमध्ये डिझेल किंवा रॉकेल सोडणं. चेन धुवायला ते चालतं, हबमधलं ग्रीस मात्र धुऊन जातं. चेनला वंगण म्हणून इंजिन ऑइलचे थेंब दिले तर आनंदाने घ्या, कडीगणिक एक थेंब टाका आणि वरचं पुसून काढा. धूळ जास्त धरतं एवढंच.

दहा_अंश
कोणी डिरेलर हँगरबद्दल बोललंच नाही. सायकल उजवीकडे पडली की, किंवा कोणी प्रेमाने ट्रकमध्ये चढवताना त्या बाजूवर टेकवली की, हँगर आत वाकतो. पुढच्या चढावर सर्वात हलका गिअर टाकला की डिरेलर आऱ्यांत. म्हणून पडल्यावर आधी मागे उभं राहून बघा: डिरेलरची दोन चाकं उभ्या रेषेत आहेत का. नसतील तर डिरेलरच्या बोल्टमध्ये ५ मिमीची की घालून हलकेच बाहेर ओढा. ॲल्युमिनियम एकदा सरळ होतं, दुसऱ्यांदा तुटतं. सुटा हँगर तुमच्याच मॉडेलचा घ्या, दोन सायकलींचे क्वचितच जुळतात.

तुटलाच तर चेन लहान करून एकच गिअर करता येतो. चेन सरळ रेषेत येईल असा मधला दात (मागची दातेरी चकती) निवडा. लोक चेन जेमतेम ताठ ठेवतात आणि ती चढून मोठ्या चकतीवर अडकते, म्हणून सेंटिमीटरभर ढील असू द्या आणि जोर लावून पेडल मारू नका. काढलेल्या कड्या फेकू नका. जोडायला क्विक लिंकच वापरा, तुमच्या स्पीडचीच. ९ ते ११ स्पीडच्या अरुंद चेनमध्ये जुनी पिन परत ठोकलेली फार टिकत नाही.

गिअरची केबल तुटली तर डिरेलर सगळ्यात लहान दातावर जातो. केबलचं बाहेरचं टोक हाताने ओढून मधला गिअर आणा आणि बाटलीच्या पिंजऱ्याच्या बोल्टखाली दाबून टाका. पठ्ठ्या एका गिअरवर दिवस काढतो. गिअरची केबल (१.१–१.२ मिमी) ब्रेकला मात्र कधीही वापरू नका.

संथगती
छान चाललंय. ट्रक-टेम्पोत सायकल टाकायचं कोणी लिहाल का? लिफ्ट ही सगळ्यात जास्त मिळणारी मदत, आणि सायकलीची सर्वात जास्त मोडतोडही त्यातच होते.

रानवाट
लिहिते. गाडी थांबली की घाई होते, चालक खोळंबलेला असतो, म्हणून क्रम पाठ हवा. पिशव्या, बाटल्या, पंप, दिवे काढा. गिअर मागच्या सर्वात मोठ्या दातावर आणा, डिरेलर आत दडतो. सायकल उभी ठेवता आली तर उभीच, हौद्याच्या बाजूला टेकवून. आडवी टाकावी लागली तर डिरेलरची बाजू वर. दोरी फ्रेमला दोन ठिकाणी, चाकांना नाही. दोरीखाली चादर किंवा पिशवी, नाहीतर रंगच काय, केबलही घासून जातात. कापलेल्या जुन्या ट्यूबचे दोन पट्टे जवळ ठेवा, दोरीपेक्षा घट्ट बसतात. पुढचा ब्रेक लिव्हर पट्ट्याने दाबून बांधला की सायकल पुढेमागे घरंगळत नाही.

चाक काढलं आणि ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचा असेल तर पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घाला. लिव्हर चुकून दाबला गेला तर पॅड मिटतात आणि चाक परत शिरत नाही. वर दुसऱ्यांचा माल चढणार आहे का ते आधीच विचारा. आणि पैसे, पासपोर्ट, फोनची पिशवी मागे नाही, अंगावर.

पहिला_गिअर
मागायचं कसं, हेही सांगा. तंबूसाठी जागा वगैरे. मला तिथेच संकोच वाटतो.

रानवाट
सूर्यास्ताच्या निदान तासभर आधी. अंधारात दार वाजवणाऱ्याला माणसं घाबरतात, त्यात त्यांची चूक नाही. हेल्मेट-गॉगल काढून, सायकल दिसेल अशी उभी करून विचारा. 'तुमच्याकडे राहू का' असं विचारलं की समोरच्याला हो किंवा नाही यातलं एक निवडावं लागतं. 'एका रात्रीपुरता तंबू कुठे लावला तर कोणाची अडचण होणार नाही?' असं विचारलं तर तो विचार करतो, दुसऱ्या कोणाचं नाव सुचवतो, आणि बऱ्याचदा स्वतःचंच अंगण देतो. किती जण, किती वाजता निघणार आणि चूल पेटवणार नाही, हे तीन मुद्दे न विचारता सांगा.

रस्ता विचारताना हो-नाहीचे प्रश्न टाळा. 'हा रस्ता तिकडे जातो का?' याला माणसं मान राखायला हो म्हणतात. 'तिकडे जायला कोणता रस्ता?' असं दोन वेगळ्या माणसांना विचारा. अंतर विचारलं तर उत्तर मोटरसायकलच्या हिशोबाने येतं आणि चढ त्यात नसतो. त्यापेक्षा 'पुढचं पाणी कुठे, घाट कुठे सुरू होतो' हे विचारा.

दहा_अंश
पाणी मिळालं तरी ते पिण्याजोगं आहे का हा प्रश्न उरतो. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. उन्हाने किंवा जुलाबाने गळाल्यावर ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, सपाट. मीठ अंदाजाने घालू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

कुत्रा मागे लागला तर बहुतेक वेळा उतरून उभं राहिलं की पाठलाग संपतो. सायकल मधे धरा, हळू चालत त्याच्या हद्दीबाहेर जा. चावला किंवा नुसतं खरचटलं तरी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. इथे लिफ्ट मागायला अजिबात लाजू नका.

लोखंडी_फ्रेम
मुक्कामाचं आधी ठरवून जाणाऱ्यांसाठी वॉर्मशॉवर्स आहे. सायकल प्रवाशांनी सायकल प्रवाशांना घरी उतरवून घ्यायचं हे जाळं १९९३ पासून चालू आहे. किती जण, कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता पोचणार हे काही दिवस आधी कळवावं. उशीर होणार असेल तर वाटेतूनच निरोप द्या. यजमान वाट बघत जागा राहतो. आपणही परतल्यावर घर नोंदवायचं, व्यवहार एवढाच.

अशी व्यवस्था नसतानाही हे घडत आलंय. अमेरिकेत १९७६ साली ट्रान्सअमेरिका हा देश ओलांडणारा सायकलमार्ग सुरू झाला तेव्हा व्हर्जिनियातल्या ॲफ्टनच्या दमछाक करणाऱ्या चढावर जून करी यांनी थकलेल्या सायकलस्वारांना पाणी द्यायला सुरुवात केली, मग बिस्किटं, मग राहायला जागा. २०१२ मध्ये त्या गेल्या, तोवर त्यांचं नाव त्या मार्गावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चढावर सायकलवाल्याला नेमकं काय लागतं ते त्यांनी ओळखलं होतं.

पहिला_गिअर
आणि परतफेड? पैसे पुढे केले तर राग येतो असं ऐकलंय.

रानवाट
मेकॅनिक, वेल्डर, चालक यांचा तो धंदा आहे. त्यांना काम सुरू होण्याआधी 'किती होतील' विचारा आणि नको म्हणाले तरी एकदा पुन्हा विचारा. घरी उतरवून घेणाऱ्यांना पैसे न देता काम करून द्या. जवळ चेन टूल, निपलची चावी, पॅच आहेतच, अंगणात मुलांची एखादी बिघडलेली सायकल बहुधा असतेच. ब्रेक घासत असतील, चाकाला आउट असेल, हवा नसेल. अर्ध्या तासाचं काम. फक्त तुमच्या पॅचचा साठा बघून हात घाला, आजूबाजूची मुलंही आपापल्या सायकली घेऊन येतात.

चाकवैद्य
म्हणून सोल्यूशनच्या नळ्या दोन नाही, तीन. आणि त्या सायकलींची निपलं गंजलेली असतात. चावी लावण्याआधी प्रत्येक निपलवर तेलाचा थेंब सोडून दहा मिनिटं थांबा, नाहीतर आरा आट्यांपाशी मोडेल आणि त्या मापाचा तुमच्याकडे नसेल.